दादाला संवाद कळले पाहिजेत

गोंदिया

चि. बाळ यास,


तुझा निरोप मिळाला. बालाघाटच्या दुकानात काढलेला खोक्याचा फोटोही नीट मोठा करून पाहिला. पाच स्पीकर, एक वूफर, खोक्यावर ठळक अक्षरांत १००० वॅट, आणि दुकानदार म्हणतो की दिवाळीपर्यंतच ही किंमत. तू विचारलंस, घेऊ का? माझं उत्तर, घेऊ नकोस. साठ हजार तू पै-पै जमवून बाजूला काढलेस, ते खर्च करण्याआधी हा खर्च कोणासाठी करतो आहेस ते ठरव.

गेल्या खेपेला भरवेलीला आले तेव्हा संध्याकाळी आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. माझा दादा दर दोन मिनिटांनी वहिनीला विचारायचा, “काय म्हणाला तो?” वहिनी सांगायची, तोवर पुढचं वाक्य निघून जायचं. मग तू आवाज वाढवायचास. गाणं लागलं की सगळं घर दणाणायचं, पुन्हा कमी करायचास, आणि दादा पुन्हा विचारायचा. शेवटी तो उठून ओसरीत जाऊन बसला. तुझ्या घरात पहिली अडचण ही आहे. धमाक्याचे आवाज नंतर पाहू.

ही अडचण नुसता आवाज वाढवून का सुटत नाही, ते समजून घे. वय वाढलं की कान सगळीकडून सारखे उणे होत नाहीत, आधी वरची पट्टी जाते. ड्रिल, क्रशर अशा यंत्रांजवळ वर्षं काढणाऱ्यांचंही ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं आधी झिजतं, हे भरवेलीसारख्या खाणीच्या गावात राहणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावं. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, फ, थ ही व्यंजनं मात्र वरच्या पट्टीत आणि मुळात क्षीण. म्हणजे दादाला कोणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, पण काय बोलतंय ते उमगत नाही. त्यात हल्लीचे टीव्ही इतके चपटे की स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. आणि उन्हाळ्यात कूलर हायवर असला की उरलेसुरले शब्द त्याच्या घरघरीत जातात.

सिनेमाच्या ५.१ ध्वनीत बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमध्ये असतात. डावा-उजवा संगीत आणि हालचाल सांभाळतात, मागचे दोन वातावरण, आणि तो ‘.१’ म्हणजे वूफरचा खालचा गडगडाट. काही जाणकार तुला सांगतील की पहिल्यांदा फक्त दोन उत्तम स्पीकर घे, सेंटर लागत नाही. बरोबर मधोमध बसणाऱ्याला ते खरंही आहे, दोन्हीकडून सारखा येणारा आवाज मधूनच आल्यासारखा वाटतो. पण दादाची खुर्ची दाराजवळ, अगदी कडेला. तिथे बसणाऱ्याला जवळच्या स्पीकरमधूनच सगळं ऐकू येतं आणि संवाद पडद्यापासून सुटतात. म्हणून तू तीन घ्यायचे: डावा, उजवा आणि सेंटर. वूफर आत्ता नको, मागचे दोन आत्ता नकोत. रिसीव्हर, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणारं यंत्र, मात्र ५.१ चा घे, म्हणजे पुढे एकेक जोडता येईल. पैशाची वाटणी साधारण निम्मी-निम्मी कर, आणि ओढाताण झालीच तर रिसीव्हरमध्ये काटकसर कर, स्पीकरमध्ये नको. तिन्ही स्पीकर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले हवेत. नाहीतर एखादी व्यक्ती पडद्यावर इकडून तिकडे चालत गेली की तिचा आवाजच बदलतो.

आता ते १००० वॅट. हा आकडा मला वर्गात फळ्यावर लिहून मुलांकडून सोडवून घ्यावासा वाटतो. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा साधा ५.१ रिसीव्हर उदाहरणाला घे. त्याच्या माहितीपत्रकात एकाच यंत्राचे तीन आकडे आहेत. २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्टीत, दोन चॅनेल चालू, विकृती ०.०९ टक्के, तेव्हा ७० वॅट. फक्त १००० हर्ट्झचा एकच सूर, एकच चॅनेल, विकृती ०.९ टक्के, तेव्हा १००. आणि विकृती १० टक्क्यांपर्यंत जाऊ दिली तर १३५. यंत्र तेच, विजेचा पुरवठाही तोच. या कंपनीने निदान अटी छापल्या आहेत. तुझ्या त्या खोक्यावर कोणत्या अटीत १००० वॅट मिळतात हे कुठेच छापलेलं नाही, आणि अट नसलेल्या आकड्याला मी किंमत देत नाही. तू कुठलाही रिसीव्हर पाहशील तेव्हा पूर्ण पट्टीचा, दोन चॅनेलचा आकडा शोध आणि तेवढाच धर.

सत्तर वॅट कमी वाटतात का? हिशेब करून पाहू. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. समज, ८८ आहे. दादाची खुर्ची तीन मीटरवर. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात, म्हणजे तीन मीटरवर साधारण ७८ उरतात. बंद खोलीत भिंती थोडं परत देतात, ते सोडून देऊ. घरात ७५ डेसिबलची सरासरी म्हणजे चांगला भरलेला आवाज, आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. म्हणजे एक वॅटसुद्धा पुरा लागत नाही! सिनेमातल्या क्षणिक दणक्यांसाठी वर आणखी २० डेसिबल राखून ठेवायचे, म्हणजे ९५. त्याला ४५ ते ५० वॅट लागतात. सत्तरमध्ये भागलं. आणि स्पीकर ८८ ऐवजी ९१ चा मिळाला तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात, कारण तीन डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट. तेव्हा वॅटमागे धावण्यापेक्षा ८८-९० च्या वरचा स्पीकर शोध. इम्पीडन्स ६ किंवा ८ ओहम असू दे. चार ओहमचे स्पीकर स्वस्त रिसीव्हरला तापवतात.

रिसीव्हरमध्ये काय पाहायचं ते थोडक्यात. टीव्हीला जोडायला एआरसी असलेलं एचडीएमआय हवं, म्हणजे टीव्हीवरच्या ॲपचा आवाज एकाच तारेने परत रिसीव्हरकडे येतो. सोबत मोजणीचा छोटा माइक मिळतो का बघ. तो दादाच्या खुर्चीवर, त्याच्या कानाच्या उंचीला ठेवायचा आणि खोली शांत करून मोजणी चालवायची. कूलर, पंखा, मिक्सर, सगळं बंद. मोजणी झाली की मेनूत जाऊन सेंटरची पातळी हाताने दोन-तीन डेसिबल वाढव. एवढ्या एका गोष्टीसाठी रिसीव्हर घ्यावा, असं मी म्हणेन. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर असेल तर तो बदलून ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ कर, नाहीतर सेंटरसाठी वेगळा आलेला आवाज टीव्हीतच मिसळून दोनात जातो. जुने मराठी चित्रपट मुळातच दोन किंवा एका चॅनेलचे. त्यांच्यासाठी रिसीव्हरमध्ये संवाद मधे काढून देणारी सराउंड मोड असते, ती लावायची.

ॲटमॉसच्या, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येणाऱ्या पद्धतीच्या, नादी लागू नकोस. डॉल्बीने ते २०१२ साली थिएटरांत आणलं, २०१४ पासून घरात आलं, ऐकायला फार सुंदर आहे. पण वरच्या दिशेने आवाज फेकणाऱ्या स्पीकरला आवाज परतवायला सपाट छत लागतं. तुझ्या बैठकीवर कवेलूंचं उतरतं छप्पर. आवाज वर जाईल आणि भलतीकडे उतरेल. त्या जादा पैशांत चांगला सेंटर येतो.

खोलीकडे लक्ष दे, कारण तिथे पैसे लागत नाहीत. मधोमध उभा राहून एक टाळी वाजव. टाळीमागे झणझण ऐकू आली तर तीच झणझण प्रत्येक शब्दाच्या शेपटीला लागते. खाली फरशी, चारी बाजूंना उघडा गिलावा, असंच होणार. टीव्ही आणि खुर्च्यांच्या मधे जाड सतरंजी टाक, खिडकीला जाड पडदा लाव, मागच्या भिंतीशी वहिनीने शिवलेल्या वाकळी घडी करून ठेवलेलं उघडं कपाट आण. सेंटर शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नकोस. तसा ठेवला की आवाज घुमतो. टीव्हीखालच्या फळीच्या अगदी काठावर आण आणि पुढून रबराचा तुकडा देऊन थोडा वर तोंड करून ठेव, बसलेल्या माणसाच्या कानाकडे. डावा-उजवा टीव्हीपासून हातभर दूर, कानाच्या उंचीला.

तारा मी देईन. तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची दोनपदरी तार पुरते, महागड्या तारांच्या गोष्टी ऐकू नकोस. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार तांब्याची म्हणून खपवतात. एक धागा ब्लेडने खरवडायचा. आतून पांढरा निघाला तर परत. टोक सोलल्यावर सगळे धागे पीळ देऊन एकत्र कर. एक धागा जरी सुटा राहून शेजारच्या टर्मिनलला टेकला तर रिसीव्हर बंद पडेल, नाहीतर जळेल. प्लसला प्लस, मायनसला मायनस. एखाद्या जुन्या स्पीकरवरची खूण पुसली असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकव. स्पीकरचा पडदा पुढे आला तर सेलचं प्लस जिथे टेकलं ते प्लस. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर खालचे सूर एकमेकांना खातात आणि लोक उगाच वूफर विकत आणतात.

विजेचं सांगते. अर्थिंग तपासून घे, व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर लाव, आणि पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की टीव्ही-केबलसकट सगळे प्लग काढ. रिसीव्हरवर विणलेला रुमाल घालायचा नाही, वहिनीला सांग. वरच्या जाळीतून गरम हवा जायला वीतभर मोकळी जागा लागते. अमेरिकेतला कोणी नातेवाईक स्वस्तात यंत्र आणून देतो म्हणाला तर नाही म्हण. तिकडचं १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० ला लावलं की संपलं.

वूफरचा विचार पुढच्या वर्षी. तो घेताना दोन गोष्टी मनात ठेव. तुझी खोली दहा बाय बारा फूट, तिच्या लांबी-रुंदीमुळे ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास काही जागी आवाज फुगेल आणि काही जागी गायब होईल. म्हणून वूफर तात्पुरता दादाच्या खुर्चीवर ठेवायचा, एखादं गाणं लावायचं आणि आपण खाली बसून भिंतीच्या कडेने सरकत जिथे आवाज सारखा वाटतो ती जागा शोधायची, मग वूफर तिथे ठेवायचा. दुसरी गोष्ट माणसांची. भरवेली पाळीचं गाव. शेजारचा रात्रपाळी करून येऊन सकाळी दहाला झोपलेला असतो, आणि खालचे सूर भिंतीला जुमानत नाहीत. रिसीव्हरमध्ये रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी करायची सोय असते. ती लावली की दणके आवरतात आणि कुजबुज वर येते. दादालाही तीच सोयीची पडेल, दिवसासुद्धा लावून ठेव.

खरेदी ऐकल्याशिवाय करायची नाही. बालाघाटात ऐकवायची सोय नसेल तर नागपूर गाठू, सीताबर्डीला चार दुकानं फिरता येतील. दुकानदार त्याचा इंग्रजी हाणामारीचा तुकडा लावेल. तो नको म्हणायचं. आपण ‘सैराट’ लावायचा. करमाळ्याकडची भरभर बोली आहे, स्पीकरचा कस लागतो. आणि त्याच चित्रपटाच्या संगीतातला सिंफनी ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेला, त्यातली व्हायोलिनं बोचरी वाटतात की गोड ते कळतं. आवाज कमी ठेवून ऐक. मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर चांगले वाटतात. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांग, कारण किंचित मोठा असलेला नेहमी सरस भासतो. आणि कडेच्या खुर्चीत दादाला बसव. त्याने न विचारता संवाद सांगितला तर ते स्पीकर घ्यायचे. खोक्यावर काहीही छापलेलं असो.

जुनं यंत्र मिळालं तर माझी हरकत नाही, स्पीकर जपलेले असले तर वर्षानुवर्षं चालतात. फक्त स्पीकरच्या पडद्याच्या कडेची फोमची किनार बोटाने हलकेच दाबून बघायची, भुगा झाला तर सोडायचं. जुन्या रिसीव्हरचं प्रत्येक एचडीएमआय तोंड टीव्ही लावून तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने दादाला घेऊन गोंदियाला ये, इथून पुढे तिघं मिळून नागपूरला जाऊ. टीव्हीचा मॉडेल नंबर आणि मागच्या सगळ्या तोंडांचा फोटो काढून आण, खोलीची मापं कागदावर लिहून आण. दादाला सांग, डबा मी करते आहे. वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या