चिंचेत घातलेली शिवराई

नांगरटीत तांब्याची चकती वर आली की घरात आधी चिंच आठवते. देवाची भांडी जिने लख्ख होतात, तिने नाणेही उजळेल असे वाटते. एका हौशी संग्राहकाने याच भरवशावर शिवराई, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे नाणे, चिंचेच्या कोळात भिजवली आणि राखेने घासली. हिरवा थर निघाला, पण त्याबरोबर ‘श्री राजा शिव’ ही अक्षरेही गेली. हाती उरली खड्डे पडलेली तांबूस चकती.

असे होणारच होते. जमिनीत पडून राहिलेल्या तांब्याचा पृष्ठभाग कळंकात बदलत जातो आणि अक्षरांचा उठाव पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतो. आम्लाने थर विरघळला की मजकूरही विरघळतो. घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा काळपट थर म्हणूनच काढायचा नसतो.

पावसाळ्यात त्याच शिवराईवर फिकट हिरवी भुकटी फुटू लागली. मातीतले क्लोराइड तांब्यात मुरलेले असले, तर दमट हवेत त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते आणि हे चक्र थांबत नाही. ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात तो हाच. असे नाणे सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या डबीत वेगळे ठेवावे आणि संवर्धकाला दाखवावे.

मग घरी काय करावे? फार थोडे. धातू ओळखावा, फोटो काढावा. तांब्याच्या भक्कम नाण्यावरची माती डिस्टिल्ड पाण्यात भिजवून सैल करावी, भिंगाखाली बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या काडीने अलगद काढावी आणि नाणे पूर्ण सुकवावे. तारेचा ब्रश नको. सातवाहनांची शिशाची नाणी तर आणखी नाजूक: लाकडी पेटीतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफेनेही ती पांढरी पडून भुसभुशीत होतात, आणि ती भुकटी विषारी असते.

घासण्याने काय हरवू शकते हे नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या ठेव्यावरून कळते. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नव्या ठशाखालून डोकावणारा नहपानाचा चेहरा आणि पुसट अक्षरे हाच सातवाहनांच्या विजयाचा ढळढळीत पुरावा. कुणी ती उजळायला घेतली असती तर?

नाणी मडक्यात सापडली तर मडके फोडू नका, नाणी सुटी करू नका; ती कोणत्या क्रमाने, कशासोबत पडली होती तेही अभ्यासकांना हवे असते. आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे.