फिरत्या घराची शिदोरी

मुलांनो, प्रवासाला निघताना शिदोरी बरोबर घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. बैलगाडीने चार-चार दिवसांची वाट चालावी लागे, तेव्हा घरातील बायका दशम्या, कोरडी चटणी, लोणचे, गूळ असे टिकाऊ पदार्थ बांधून देत. आता मोटारीतच निजण्याची व रांधण्याची सोय असलेली फिरती घरे निघाली आहेत. त्यांना ‘कॅराव्हॅन’ म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणही ठरवले. या घरात दूध-भाजी गार ठेवण्यास फ्रिज असतो. परंतु तो चालवायला वीज आणायची कोठून?

ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ व बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली गाव आहे. तेथील धरणात पावसाळ्यात पाणी साठते आणि ते अंबरनाथच्या काही भागाला पुरवले जाते. धरणात जितके साठले असेल तितकेच वापरता येते. फिरत्या घरातील बॅटरी हे असेच विजेचे धरण होय.

समजा, चिखलोलीहून एक कुटुंब मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघाले आहे. बरोबर आजी आहेत. त्यांना मधुमेह असल्यामुळे रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. या औषधाच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. अधिक उष्णतेने औषधाचा गुण कमी होतो आणि गोठले तर ते टाकूनच द्यावे लागते. तेव्हा रात्री फ्रिज बंद पडून चालणार नाही.

आता हिशेब करू. गाडीत १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी आहे. १२ ला १०० ने गुणले म्हणजे १२०० वॉट-तास होतात. परंतु अशी बॅटरी वरचेवर तळापर्यंत रिकामी केली तर लवकर निकामी होते. म्हणून निम्मीच, म्हणजे ६०० वॉट-तास वीज वापरावी.

फ्रिजला ४५ वॉट वीज लागते. तो तासातून २० मिनिटे चालला, तर दिवसाचे ८ तास भरतात व खर्च ३६० वॉट-तास होतो. २० वॉटचा पंखा ८ तास चालला, तर १६०. आणि ५ वॉटचे दोन दिवे ४ तास लावले, तर ४०. एकूण ५६० झाले. जेमतेम एक दिवस निभावला! परंतु गाडी उन्हात उभी केली आणि मुलांनी घडोघडी फ्रिज उघडला, तर तोच फ्रिज तासातून ४० मिनिटे चालेल. मग त्याचा एकट्याचा खर्च ७२० होईल आणि पहाटेपूर्वीच हिशेब तुटेल.

असे का होते? थंडी ही काही बाहेरून आणून भरण्याची वस्तू नव्हे. फ्रिज आतील उष्णता बाहेर टाकतो एवढेच. बाहेरची उष्णता जितकी आत शिरेल तितके त्याचे काम वाढते. ही गोष्ट जुन्या व्यापाऱ्यांनीही ओळखली होती. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्यास जहाजाने सुमारे १८० टन बर्फ पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होता! उष्णता आत शिरू नये, म्हणून बर्फाच्या वाहतुकीत लाकडाच्या भुशाचा उपयोग करीत.

म्हणून शहाणा प्रवासी काही नियम पाळतो. निघण्याच्या आदल्या रात्रीच घरच्या विजेवर फ्रिज गार करून घ्यावा. ऊन ऊन भाजी आत ठेवू नये. गाडी झाडाच्या सावलीत उभी करावी. फ्रिजच्या मागे हवा खेळती ठेवावी. जे हवे ते आधी ठरवून, झाकण एकदाच उघडून काढून घ्यावे. पिण्याचे पाणी माठात ठेवावे. माठातून झिरपलेले पाणी वाफ होऊन जाताना आतील उष्णता घेऊन जाते. तेथे विजेचा एक कणही खर्च होत नाही. मात्र कोकणच्या दमट पावसाळी हवेत माठ कमी गार करतो, तर घाटावरच्या कोरड्या उन्हाळ्यात अधिक.

गाडीच्या टपावर १०० वॉटचा सौर पत्रा बसवला, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ४०० वॉट-तास वीज परत मिळते. पण गाडी सावलीत आणि पत्रा उन्हात, ही दोन्ही एकदम कशी साधणार? त्यासाठी पुष्कळ प्रवासी घडीचा, लांब तारेचा पत्रा बाळगतात. आभाळ भरून आले, तर ही कमाई फारच घटते. इंजिन सुरू करण्याची बॅटरी मात्र निराळीच असावी. नाहीतर दूध गार राहील, पण गाडी जागची हलणार नाही.

आणि दशमी-चटणीची जुनी शिदोरी? तिला फ्रिज मुळीच लागत नाही. ती बरोबर घेतली म्हणजे फ्रिजमधील जागा आणि बॅटरीतील वीज आजींच्या औषधासाठी मोकळी राहते. साठा थोडा असेल तेव्हा आधी कोणाची गरज भागवायची, हे ज्याला कळते, त्यालाच खरी काटकसर कळली.

स्वाध्याय

१. बॅटरीला विजेचे धरण का म्हटले आहे?
२. पंखा ८ ऐवजी ५ तास लावला, तर दिवसाचा एकूण खर्च किती होईल?
३. फ्रिजशिवाय दोन दिवस टिकतील अशा तुमच्या घरच्या पदार्थांची यादी करा.