होडी रस्त्यावरून जाते तेव्हा

बोरघाट चढण्याआधी खोपोलीला बरीच वाहने चहासाठी थांबतात. एका पावसाळी सकाळी तेथल्या एका टपरीसमोर एक जीप उभी होती आणि तिच्या मागे, दोन चाकांच्या ट्रेलरवर, फायबरग्लासची एक छोटी होडी. मुंबईच्या किनाऱ्यावरून ती खडकवासल्याच्या जलाशयाकडे निघाली होती. चहा पिऊन झाल्यावर चालकाने होडीभोवती एक चक्कर मारली आणि तो कपाळाला हात लावून उभा राहिला. एकही गाठ सुटलेली नव्हती. पण होडीचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, ट्रेलरच्या ज्या रबरी ठोकळ्याला घट्ट टेकलेली असायला हवी, त्या ठोकळ्यापासून ती वीतभर मागे सरकली होती. शिवाय होडीत पावसाचे पाणी साचले होते ते वेगळेच.

वीतभर अंतराने असे काय बिघडते, असे तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तसेच वाटले होते.

बैलगाडी भरताना तुम्ही कधी पाहिली आहे का? ओझे चाकांच्या मागे जास्त झाले की जू वर उचलले जाते. गाडी ‘उलाळ’ झाली, असे शेतकरी म्हणतात आणि दोन पोती पुढे सरकवतात. दोन चाकांच्या ट्रेलरचेही तसेच आहे. चाकांचा आस हा तरफेचा टेकू. त्याच्या पुढचे वजन मोटारीच्या जोडावर दाब देते, मागचे वजन तो दाब कमी करते. हा दाब एकूण वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असावा, असा एक ढोबळ नियम आहे.

आता समजा, यंत्रासह होडीचे वजन ३०० किलोग्रॅम आणि ट्रेलरचे २००. एकूण ५००, म्हणून जोडावरचा दाब ५० किलोग्रॅम ठेवला. जोडापासून आसापर्यंतचे अंतर ३ मीटर धरू. होडी २० सेंटिमीटर मागे सरकली, तर जोडावरचा दाब (३०० × ०.२) ÷ ३, म्हणजे २० किलोग्रॅमने घटेल. उरले ३०. होडीत ६० लिटर पाणी असेल तर त्याचे वजन ६० किलोग्रॅम. घाटाच्या चढावर ते सगळे पिछाडीला धावेल. आसाच्या १ मीटर मागे ते जमले असे मानले, तर आणखी (६० × १) ÷ ३, म्हणजे २० किलोग्रॅम गेले. ५० चे १० झाले, आणि गाठी मात्र सगळ्या जागच्या जागी!

उलाळ झालेली बैलगाडी निदान जागीच कळते. ट्रेलरचा दोष वेग वाढल्यावर उघडा पडतो. शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत बसला की त्याची शेपटी डावी-उजवीकडे झुलू लागते. पुढचा दाब पुरेसा असेल तर झोके आपोआप विरतात. नसेल तर ते वाढत जातात आणि पुढच्या मोटारीलाही खेचतात. अशा वेळी जोरात ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये. सुकाणूचक्र सरळ धरून वेग हळूहळू उतरू द्यावा.

पण मुळात होडी सरकलीच कशी? तीनशे किलोग्रॅमची वस्तू आपल्या वजनानेच जागी राहील, असे आपण गृहीत धरतो. तिला धरून ठेवणारे घर्षण पृष्ठभागांमधल्या दाबावर अवलंबून असते. होडीचा तळ आणि ट्रेलरच्या ओल्या फळ्या यांच्यातला घर्षणांक ०.२५ मानला, तर घर्षण फार तर ७५ किलोग्रॅम-भार होईल. रस्त्यावरून न्यायचा माल बांधण्याचा युरोपात जो हिशेब आहे, त्यात वजनाच्या ०.८ पट बल पुढच्या दिशेने आणि ०.५ पट बल मागच्या व बाजूंच्या दिशेने पेलले पाहिजे असे धरतात. आपल्या होडीला मागच्या दिशेने १५० हवेत, आहेत ७५. त्यातच खड्डा आला आणि ट्रेलर क्षणभर खाली गेला की दाब जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याबरोबर घर्षणही. प्रत्येक हिसक्याला होडी बोटभर सरकते.

हे घरी पाहता येते. एका फळीवर कंपासपेटी ठेवा आणि फळी इतकीच तिरपी करा की पेटी घसरणार नाही. आता फळीवर खालून टिचक्या मारा. पेटी थोडी थोडी खाली येऊ लागेल. मग पेटी आणि फळी मिळून त्यांच्याभोवती एक ताठ रबर अडकवा आणि पुन्हा टिचक्या मारा.

रबराने केले ते पट्ट्यांनी करायचे. होडीवरून दोन आडवे पट्टे टाकून प्रत्येकात १०० किलोग्रॅम-भार ताण दिला आणि चारही टोके सरळ खाली ओढत असली, तर दाब ४०० ने वाढतो. एकूण दाब ७००, घर्षण १७५. काम झाले. पण हेच पट्टे जमिनीशी ३० अंशांचा कोन करून आडवे पसरले, तर ३० अंशांची ज्या ०.५ असल्यामुळे खालची ओढ निम्मीच राहते. एकूण दाब ५००, घर्षण १२५, म्हणजे गरजेपेक्षा कमी. ताण तोच, फरक फक्त कोनाचा. म्हणून पट्टा शक्य तितका उभा असावा आणि त्याचे टोक ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यात अडकवावे, चिखलपत्र्यात नव्हे.

मग पट्टे वाटेल तेवढे आवळावेत का? तसेही नाही. फायबरग्लासचे कवच आधार नसलेल्या जागी दबून तडकते. म्हणून सगळी भिस्त घर्षणावर न ठेवता नाळेची कडी एका स्वतंत्र पट्ट्याने पुढे-खाली आणि पिछाडीच्या दोन्ही कड्या सांगाड्याला बांधतात. होडी वर ओढण्याचा जो हातरहाट पुढे असतो, त्याच्या दोरावर विसंबू नये. तो चढवण्यासाठी आहे, प्रवासासाठी नाही.

खोपोलीच्या चालकाचे नेमके तेच चुकले होते. त्याने सगळीकडे नायलॉनचा दोर वापरला होता. नायलॉन मजबूत खरा, पण ताणाखाली बराच लांबतो, आणि भिजल्यावर अधिकच. नांगराच्या दोराला हा गुण उपयोगी, कारण तो लाटांचे हिसके पचवतो. इथे तोच अवगुण ठरतो. पॉलिएस्टरचा विणलेला पट्टा फार कमी ताणतो. तो चपटा पट्टा वाऱ्यात थरथरून घूं-घूं आवाज करतो आणि काठाने झिजतो. त्याला एक पीळ दिला की थरथर थांबते.

जोडाखालच्या दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या नेतात, हेही ध्यानात ठेवा. जोड निसटलाच तर ट्रेलरचा दांडा त्या फुलीच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

चालकाने पिछाडीचे बूच काढले तेव्हा पाण्याची जाड धार टपरीवाल्याच्या अंगणात गेली आणि त्याची बोलणी खावी लागली. मग चौघांनी मिळून होडी ठोकळ्यापर्यंत रेटली. टपरीवाल्याकडून ताडपत्रीचे दोन पट्टे उसने मिळाले. बूच त्याने लावले नाही, खिशात टाकले. प्रवासात ते उघडेच बरे, म्हणजे पाणी साचत नाही. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळ, असे मी त्याला सांगितले, कारण नवी बांधणी पहिल्या टप्प्यात बसते आणि सैलावते. खडकवासल्याला होडी पाण्यात ढकलण्याआधी खिशातले बूच त्याला आठवले की नाही, ते मात्र मला कळले नाही.