स्टुटगार्टला निघालेल्या भाचीला कानमंत्र

पोरी, प्रवेश, व्हिसा, विमा हे सगळं तू नीट केलं आहेस. मी सांगते ते रोजच्या राहण्याचं. परक्या गावात आपण कसे राहतो हे शेजारी आधी पाहतात आणि मग बोलायला येतात. म्हणून तिथल्या रीती पहिल्या महिन्यातच अंगवळणी पाड.

बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, भाजणी घाल. तूप, पेढे, खव्याचं काही घेऊ नकोस. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तिथलं बिनमिठाचं लोणी कढव, घरच्यासारखं तूप होतं.

खोली मिळाली की दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदव. घरमालकाचं सहीचं पत्र त्यासाठी लागतं, ते किल्ली घेतानाच मागून घे. त्याच दिवशी टपालपेटीवर आणि घंटीवर तुझं आडनाव लाव. तिथे बरीचशी महत्त्वाची कामं अजून टपालाने होतात. पेटीवर नाव दिसलं नाही, तर पोस्टमन पत्र परत नेतो.

हिवाळ्यात खिडक्या बंद करून बसू नकोस. वरणाची वाफ, अंघोळीची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे, ही सगळी ओल भिंतीत मुरते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. मग अनामत रकमेतून पैसे कापले जातात. सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून खिडकी सताड उघड, पाच-दहा मिनिटं वारा खेळू दे, मग खिडकी लाव. फोडणी देताना तर उघडच.

स्टुटगार्टच्या भागात केऱवोख म्हणून रीत आहे. जिन्याच्या झाडलोटीची पाळी घरोघरी फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. तुझ्या दाराला ती दिसली की जिना झाड, पूस आणि आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला लाव. परीक्षा असली तरी पाळी चुकवू नकोस. जिना पुसताना येणारी-जाणारी माणसं थांबून बोलतात, तुझ्या जर्मनचा पहिला सराव तिथेच होईल.

रविवारी दुकानं बंद असतात, भाजी-दूध शनिवारीच आण. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रात्री दहानंतर आवाज नको, घरी फोन करतानाही हळू बोल. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली चेपू नकोस, सुपरमार्केटच्या यंत्रात टाक, बटण दाबून पावती घे आणि गल्ल्यावर दे.

वेळापत्रकात तासापुढे सी.टी. लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, एस.टी. असेल तर ठोक्याला. व्याख्यान संपल्यावर मुलं टाळ्या न वाजवता बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात, तूही ठोक.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नकोस, तिथे तो अपशकुन मानतात. आणि ज्याचा वाढदिवस असतो तोच केक आणतो. तुझ्या दिवशी रव्याचा केक कर.

११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमारास लहान मुलं हातात कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. आपली दिवाळीही तेव्हाच आगेमागे असते. मिरवणुकीत नक्की जा, शेजारच्या मुलांना आकाशकंदील करायला शिकव. ५ डिसेंबरच्या रात्री बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवायचे, सकाळी सेंट निकोलाउस त्यात चॉकलेटं आणि अक्रोड ठेवून गेलेला असतो. शेजारी मुलं असतील तर त्यांच्या बुटांत तूही काहीतरी ठेव.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, तिथे मराठी माणसं भेटतील. त्यांच्याकडे गणपतीला जरूर जा, पण आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी त्यांच्यातच घालवू नकोस. जिन्यात भेटणाऱ्या आजींना नमस्कार करायला जेवढं जर्मन लागतं, तेवढं विमानात बसण्याआधी पाठ कर.