गांजा की अंबाडी? लेसर प्रकाशाने वनस्पतीची ओळख

अंबाडीची पंजासारखी पाने गांजाच्या पानांशी इतकी मिळतीजुळती असतात की, तिच्या शास्त्रीय नावातही ‘कॅनाबिनस’ म्हणजे ‘गांजासारखी’ हे विशेषण आलेले आहे. या साम्यामुळे निर्दोष शेतकऱ्यावर संशय येऊ नये आणि पिकाआड लावलेला गांजाही सुटू नये, याकरिता ओळख निश्चित होणे अगत्याचे आहे. लेसर प्रतिदीप्ती हे या कामी उपयोगी पडणारे एक साधन होय.

काही पदार्थ अदृश्य अतिनील किरण शोषून घेऊन दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. यास प्रतिदीप्ती म्हणतात. ट्यूबलाइटच्या आतील पांढरा लेप याच गुणाने उजळतो. हिरव्या पानावर ३५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण सोडल्यास हरितद्रव्यापासून ६८५ व ७४० नॅनोमीटरच्या सुमारास तांबडा, तर पेशीभित्तिकेतील फेरुलिक आम्लासारख्या द्रव्यांपासून निळा-हिरवा प्रकाश मिळतो. हरितद्रव्य सर्वच पिकांत असल्यामुळे केवळ तांबड्या प्रकाशावरून झाड ओळखता येत नाही. म्हणून सर्व रंगांचे परस्पर प्रमाण मोजून ते माहीत असलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतात.

तथापि, पाण्याचा ताण, नत्राची कमतरता अथवा पान वाळणे यांमुळे हे प्रमाण बदलते. सबब ही तपासणी संशयित नमुना वेगळा काढण्यापुरतीच समजावी. अंतिम निर्णय रासायनिक प्रयोगशाळेत मादक घटक तपासूनच करावा लागतो.

शेतात पुढील खुणा पाहाव्यात. अंबाडीचे पान खोल कातरलेले असले तरी त्याचे भाग तळाशी जोडलेले असतात. गांजाच्या पर्णिका देठापर्यंत सुट्या असतात. अंबाडीस मोठे, फिकट पिवळे व मध्यभागी गडद तांबडे फूल येते. गांजाची फुले बारीक, हिरवट व पाकळ्यांविना असतात.

गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये गांजाच्या बेकायदा लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या जमिनीतील अशा लागवडीची खबर तात्काळ देणे कलम ४६ अन्वये जमीनधारकाचे, तर गावातील लागवड कळताच खबर देणे कलम ४७ अन्वये सरपंच व ग्राम अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. संशयित झाड स्वतः उपटू अथवा जाळू नये, पोलिसांस कळवावे. वेळीच दिलेली खबर हेच प्रामाणिक शेतकऱ्याचे खरे संरक्षण होय.