आधी मोठ्यांनी खेळून बघा

व्हिडिओ गेम सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत पडद्यावर एक सूचना येते. लुकलुकत्या प्रकाशामुळे काही जणांना आकडी येऊ शकते, असं त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक मुलं ती वाचायच्या आत बटण दाबून पुढे जातात आणि घरातल्या मोठ्यांना अशी सूचना असते हेच ठाऊक नसतं. कल्याणला खडकपाड्यात माझ्या ताईच्या घरी २०२०च्या पावसाळ्यात जे घडलं, तेव्हापासून मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि भेटेल त्याला वाचायला लावतो.

भाचा तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. लॉकडाऊनमुळे कॉलेज घरातच. दिवसभर लॅपटॉपवर लेक्चरं आणि रात्री त्याच लॅपटॉपवर मित्रांबरोबर गेम. दाराखालून उजेड दिसला की आई ओरडते म्हणून खोलीतला दिवा बंद. झोप जेमतेम. अशाच एका रात्री त्याच्या हाताला झटके बसले, माऊस खाली पडला आणि तो समोर टक लावून बघत राहिला. ताईनं हाका मारल्या, ओ नाही. भानावर आला तेव्हा मधलं काही आठवत नव्हतं.

ठाण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी ईईजी काढायला सांगितला. त्या तपासणीत डोळ्यांसमोर एक दिवा कमीजास्त वेगानं लुकलुकवतात. दिव्यानं एक ठरावीक वेग गाठला आणि आलेखावरच्या रेघा बिघडल्या. निदान झालं ते प्रकाशसंवेदी अपस्माराचं. अपस्मार असणाऱ्या शंभरातल्या साधारण तिघांना तो असतो, आणि लहान मुलांत व वयात येणाऱ्यांत त्याचं प्रमाण जास्त असतं. पहिला झटका येईपर्यंत अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि झोपेबद्दल चांगलंच बजावलं. अपुरी झोप हे आकडीचं मोठं निमित्त असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ‘ऑब्झर्व्हर: सिस्टिम रिडक्स’ बाजारात आला. पोलंडमधल्या क्राकोव शहरातल्या ब्लूबर टीम या कंपनीनं २०१७च्या १५ ऑगस्टला काढलेल्या ‘ऑब्झर्व्हर’ची ही नव्यानं घडवलेली आवृत्ती. चित्रं नवी, प्रकाशाचं काम नवं आणि तपासासाठी तीन जास्तीची प्रकरणं. भाचा कधीपासून तिची वाट बघत होता. निदान झाल्यावर तो मला एवढंच म्हणाला, “मामा, आधी तू खेळ आणि मला खरं सांग. मला जमेल का?” म्हणून मी तो खेळलो. इथे डोंबिवलीत, बैठकीच्या खोलीत, ट्यूबलाइट लावून.

गोष्ट २०८४ सालातल्या क्राकोवची आहे. मोठं युद्ध होऊन गेलंय आणि देशाची सूत्रं कायरॉन नावाच्या कंपनीच्या हातात आहेत. लोकांनी शरीरात यंत्रं बसवून घेतली आणि नॅनोफेज नावाच्या साथीनं अशा हजारोंचा बळी घेतला. आपण डॅनियल लाझार्स्की, वय झालेला पोलीस तपासनीस. माणसाच्या मेंदूत तार जोडून आत शिरायचं आणि त्याच्या आठवणींत पुरावे शोधायचे, हे त्याचं काम. दुरावलेल्या मुलाचा फोन येतो म्हणून तो गरीब वस्तीतल्या एका जुनाट इमारतीत जातो. तिथे त्याला शीर नसलेलं प्रेत सापडतं आणि तेवढ्यात साथीच्या भीतीनं सगळी इमारत कुलूपबंद होते. लाझार्स्कीला आवाज दिलाय रुटगर हाउअर यांनी. ‘ब्लेड रनर’ या १९८२च्या चित्रपटातला त्यांचा कृत्रिम मानव ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा थकलेला आवाज ऐकून गलबलून येईल. नवी आवृत्ती निघाली तेव्हा ते हयात नव्हते. १९ जुलै २०१९ला ते गेले.

गोष्ट सायबरपंक प्रकारातली आहे म्हटल्यावर ताईनं विचारलं, सायबरपंक म्हणजे काय रे? तंत्रज्ञान पुढे गेलेलं, माणसाचं जगणं मागे पडलेलं, आणि या दोन्हींवर कंपन्यांची सत्ता, अशा जगाच्या या गोष्टी. डोंबिवलीकराला यापेक्षा जास्त समजावावं लागत नाही. २०१४च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या, आणि २०२०च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्र्यांना येऊन बघावं लागलं. पडद्यावरच्या क्राकोवमध्ये पाऊस आणि निऑन दिवे चिखलात मिसळतात, ते मला मुळीच परकं वाटलं नाही.

या गेमचा जीव त्या बंद दारांत आहे. भाडेकरू घरांत अडकलेले आहेत आणि आपण दारोदार जाऊन बेल वाजवायची. दारापाशी एक छोटा पडदा आणि स्पीकर. पडद्यावर कुणाचा अर्धा चेहरा दिसतो, कधी नुसता डोळा, कधी काहीच नाही. कुणी घाबरून विचारतं, हे कधी उघडणार? कुणी पोलीस म्हटल्यावर शिव्या घालतं. कुणाला खून वगैरेशी देणंघेणं नाही, फक्त बोलायला कुणीतरी हवंय. शरीरात यंत्र बसवायला नकार देणाऱ्या पंथातली माणसंही याच इमारतीत राहतात. यातल्या कित्येक दारांचा मुख्य तपासाशी काही संबंध नाही, ती ओलांडून गेलं तरी गोष्ट अडत नाही. पण जो ओलांडून जाईल त्याच्या हाती या गेममधलं फारच थोडं लागेल. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याही गल्ल्यांत बांबू आणि पत्रे ठोकून इमारती सील झाल्या होत्या. आपणही दाराआडून बोललो होतो, जिन्यात पिशवी ठेवून मागे सरलो होतो. २०१७ला लिहिलेले ते संवाद मी २०२०ला ऐकले, आणि काही दारांपुढे बोलणं संपल्यावरही तसाच उभा राहिलो.

तपासाची पद्धतही चांगली आहे. लाझार्स्कीची नजर दोन प्रकारे बदलता येते. एका नजरेला यंत्रं आणि तारा दिसतात, दुसरीला रक्त आणि शरीराच्या खुणा. खोली तीच, पण नजर बदलली की वेगळीच माहिती हाती येते. बंदुकीचं काम जवळजवळ नाहीच. घाई करणाऱ्याला हा गेम रटाळ वाटेल. मला त्याचा संथपणा आवडला, कारण त्यामुळे माणसं लक्षात राहतात.

आणि मग आला तो भाग, ज्यासाठी भाच्यानं मला पुढे धाडलं होतं. लाझार्स्की मरणासन्न माणसाच्या मेंदूत पहिल्यांदा शिरतो तेव्हा पडदा थरथरतो, चित्र फाटतं, दिवे भराभर उघडझाप करतात, भिंती सरकतात, अंधार आणि लख्ख पांढरा उजेड आलटूनपालटून डोळ्यांवर येतो. मेंदूबाहेर आल्यावरही सुटका नाही. लाझार्स्की घेतो त्या औषधाचा असर उतरला की साध्या जिन्यातसुद्धा चित्र विस्कटायला लागतं. माणसाचं मन मोडकळीला आल्याचा अनुभव देण्यासाठी हे मुद्दाम केलंय आणि ते जमूनही आलंय. मला आकडीचा त्रास नाही, तरी त्या रात्री मी मध्येच उठून गॅलरीत गेलो.

मी भाच्याला फोन करून सांगितलं, “हा गेम तुझ्यासाठी नाही. खेळायचा नाही आणि कुणी खेळत असताना शेजारी बसून बघायचाही नाही.” बघण्यानंही धोका तेवढाच असतो. १६ डिसेंबर १९९७ला जपानमध्ये टीव्हीवर ‘पोकेमॉन’चा एक भाग लागला होता. त्यात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला, तोही काही सेकंदच, आणि सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. ती मुलं नुसती बघत होती. ‘ऑब्झर्व्हर’च्या या नव्या आवृत्तीनंतर महिन्याभरात, १० डिसेंबर २०२०ला, पोलंडचाच ‘सायबरपंक २०७७’ हा गेम आला. त्यातल्या आठवणींत शिरण्याच्या प्रसंगामुळे एका अमेरिकन समीक्षिकेला झटका आला. तिनं ते जाहीर लिहिलं आणि कंपनीनं तो लखलखाट बदलला.

म्हणून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या आईबापांना आणि मामा-काकांना सांगणं आहे. असा नवा गेम घरात आला की आधी घरातल्या एका मोठ्या माणसानं सुरुवातीला दोन तासांच्या आत बसेल एवढा तो खेळून बघावा. ट्रेलरवर जाऊ नका, त्यात लखलखाटाचा अंदाज येत नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतो, पैसे मिळतात. खेळताना खोलीत दिवा हवाच, पडद्याची चमक कमी हवी आणि खुर्ची मागे. जागरणानंतर किंवा तापात खेळू देऊ नका. पोर म्हणालं की डोळ्यांपुढे विचित्र दिसतंय, हात उडतोय, तर नुसते डोळे मिटू नयेत. पापण्यांतूनही उजेड आत जातो. एक डोळा तळहातानं पूर्ण झाकून तोंड पडद्याकडून फिरवायचं. आणि ज्याला एकदाही फिट आली आहे, त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा गेम सुरू करू नये.

बाकीच्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या वयाच्या, धीरानं वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसानं ‘ऑब्झर्व्हर’ जरूर खेळावा. भाच्याला मी तो फोनवरून सांगितला, एकेका दारासह. तो मध्येच थांबवून विचारायचा, “त्या नुसतं बोलायला थांबलेल्या माणसाला तू काय उत्तर दिलंस?”

आणि घरात कुणाला झटका आलाच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर १०८ला फोन करा.