गाऱ्हाणं मी घालते, तू पोराला घेऊन नीघ

विंचू चावलेलं मूल रडायचं थांबलं की घरातल्यांना हायसं वाटतं. ठणका उतरला, पोर वाचलं, असं सगळे म्हणतात. पण कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या बाबतीत हीच वेळ सगळ्यात घातक ठरू शकते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या उशाशी बसून मी हे पाहिलं आहे. ज्यांच्या घरात लहान मूल आहे आणि ज्यांच्या दाराशी लाकूडफाटा रचलेला असतो, त्या प्रत्येकीने हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

आमची वाडी रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, अंगणाला गडगा. मे महिन्यात आगोटीची गडबड असते. पावसाआधी फाटी घरात घ्यायची, गोवऱ्या झाकायच्या, कौलं चाळायची. आमचे हे नोकरीला मुंबईत, घरात सासूबाई, मी आणि मुलगा. दिवेलागणीला फाट्यांच्या ढिगात चेंडू शोधताना तो किंचाळला. तांबूस, बोटभर लांबीचा विंचू ढिगाखाली पळताना मी पाहिला.

तो थोडा वेळ हात झटकून रडला. मग रडणं ओसरलं. शेजारचे आबा धावत आले आणि म्हणाले, "इंगळी नाही ना? मग घाबरू नका. लहान विंचू आहे, उतरेल." मोठी काळी इंगळी भयंकर आणि छोटा तांबडा विंचू किरकोळ, हा समज आमच्याकडे पिढ्यानपिढ्यांचा. खरं तर उलट आहे. काळ्या इंगळीने ठणका देऊन रडवलं तरी जीव सहसा जात नाही. मारक असतो तो तांबडा.

थोड्याच वेळात मुलाला उलटी झाली. अंगाला घाम फुटला, शर्ट भिजून पाठीला चिकटला. तोंडातून लाळ गळू लागली. मी त्याचे पाय हातात घेतले तर मेच्या उकाड्यात ते गारठलेले. पलीकडच्या वाडीत विंचू उतरवणारा एक जण आहे, आधी तिकडे न्यावं, असं दोघातिघांनी सुचवलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. जवळचं माणूस आठवतं तसं त्यांना ते आठवलं.

तेवढ्यात सासूबाई देवघरापाशी उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "गाऱ्हाणं मी घालते. तू पोराला घेऊन नीघ."

शेजारच्या भाऊंनी ताटावरून उठून रिक्षा काढली. वाटेत मी ग्रामीण रुग्णालयात फोन लावायला सांगितला, विंचवाचा रुग्ण येतो आहे म्हणून. पोचलो तेव्हा मुलाचा श्वास जोरात चालला होता. डॉक्टरांनी पहिल्यांदा पाय चाचपले, मग छाती ऐकली, रक्तदाब पाहिला. किती वाजता चावला, रंग कोणता, उलट्या किती, घाम कधीपासून, एवढंच विचारलं. वजन करून गोळी दिली, सलाइनमधून विंचवावरचं प्रतिविष सुरू केलं. गावात त्याला लसच म्हणतात. सिस्टर म्हणाल्या, "ताई, याला उठवून बसवायचं नाही, झोपूनच ठेवायचं. आणि पायांवर हात ठेवा. पाय गरम व्हायला लागले की मला हाक मारा."

त्या गोळीचं नाव प्राझोसिन. मुळात ते रक्तदाबाचं औषध. तांबड्या विंचवाच्या विषाने शरीरातली ताण वाढवणारी द्रव्यं एकदम उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदयावर भार येतो आणि मग फुप्फुसांत पाणी साचतं. मूल दगावतं ते यामुळे. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायचं काम ही गोळी करते, म्हणून पाय गरम होणं ही विष हरत असल्याची खूण. ती खूण दिसेपर्यंत दर तीन तासांनी गोळी देत राहतात.

हे ज्ञान आमच्याच मातीत जन्मलं, हे मला नंतर कळलं. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर जात होती. ते रुग्णांच्या खाटेशी रात्र रात्र बसले, लक्षणं टिपत गेले. 1982 मध्ये ती निरीक्षणं 'लॅन्सेट' या जगद्विख्यात नियतकालिकात छापून आली, आणि 1986 मध्ये प्राझोसिनचा अनुभवही तिथेच आला. पूर्वी तीव्र दंशाच्या शंभर रुग्णांतले तीसएक हाती लागत नसत. या औषधानंतर ते प्रमाण एक ते चारवर आलं. पुढे प्रतिविषाची जोड मिळाली आणि रुग्ण आणखी लवकर सावरू लागले. ते प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होतं. 2022 मध्ये सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली. माझ्या मुलाला ज्या गोळीने धरून ठेवलं, तिच्यामागे आमच्याच तालुक्यातल्या लेकरांचे मृत्यू आणि एका डॉक्टरचं जागरण होतं.

त्या रात्री मात्र मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी लेकाचे पाय दोन्ही हातांत धरून बसले होते. आधी मी नवस बोलले. ओटी भरीन, नारळाचं तोरण बांधीन, उपास करीन. जेवढं सुचलं तेवढं बोलून झालं. मग शब्दच संपले. भीती एवढी दाटली की सिस्टर काय सांगतात तेही कानात शिरेना.

तेव्हा मनात आलं, आपण इथवर कुणामुळे पोचलो? भाऊ जेवणावरून उठले म्हणून. फोन उचलणाऱ्याने "या, आहोत आम्ही" म्हटलं म्हणून. गोळी कपाटात होती म्हणून, आणि ती संपण्याआधी कुणीतरी मागणीपत्र लिहिलं होतं म्हणून. रात्रपाळीच्या सिस्टर आपलं लेकरू घरी ठेवून माझ्या लेकरापाशी उभ्या होत्या म्हणून. मी एकेकाची आठवण काढून मनातल्या मनात हात जोडत गेले. पाय अजून गारच होते, काहीच ठरलेलं नव्हतं. तरी ती नावं घेता घेता माझा श्वास जागेवर आला. सिस्टरचं बोलणं कळू लागलं. मुलाला उलटी झाली तर कुशीवर कसं वळवायचं ते मी नीट ऐकलं आणि पहाटे तसंच केलं. उजाडायच्या आधी त्याच्या टाचांना ऊब आली. मी हाक मारली, सिस्टर धावत आल्या, त्यांनी हात लावून पाहिलं आणि त्या हसल्या.

कृतज्ञता संकट टळल्यावर येते असं मी समजत होते. ती संकटात येते आणि तिथेच तिची जास्त गरज असते, हे मी त्या खाटेपाशी शिकले. भीती माणसाला एकटं पाडते. आपल्यासाठी किती हात राबत आहेत हे आठवलं की एकटेपण सुटतं, आणि आईला करायचं काम तिच्या हातून होतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला जवळ बसवून एक गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या कधी बोलल्या नव्हत्या. ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगा होता. बावस्कर बिरवाडीत यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. त्यालाही तांबडा विंचू चावला. रात्रभर मंत्र चालले. पहाटे तो गेला.

मी धीर करून विचारलं, "आई, तेव्हाही गाऱ्हाणं घातलं होतंत ना?"

"घातलं होतं. तुझ्या लेकासाठी घातलं तसंच. देवाने ऐकलं नाही असं मी कधी म्हटलं नाही. तेव्हा औषध नव्हतं गं. आता आहे. ते कुणाच्या डोक्यात आलं, ते त्याच्याच कृपेनं ना? मग आता औषधाकडे न जाता नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं, हा त्याचाच अपमान नाही का?"

माझी सगळी श्रद्धा त्या बोलण्यात आहे. ज्यांची मुलं वाचली नाहीत त्यांची भक्ती कमी पडली नव्हती. देवाशी सौदा होत नसतो. प्रार्थनेने माझ्या मुलाच्या रक्तातलं विष उतरलं असं मी म्हणणार नाही. ते काम औषधाने केलं. प्रार्थनेने सासूबाईंच्या आवाजात बळ आलं, आणि त्या बळाने मी अंधारात घराबाहेर पडले. श्रद्धेचं काम हेच. ती पाय उचलायला लावते. जी श्रद्धा पाय बांधून ठेवते, तिला मी श्रद्धा म्हणत नाही.

आता तुमच्यासाठी काही गोष्टी, जशा मला उमगल्या तशा.

वेदनेवरून विषाचा अंदाज करू नका. नुसता जोराचा ठणका असेल आणि बाकी काही नसेल, तर धोका बहुधा कमी असतो. उलटी, दरदरून घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, धाप, अंगाची तगमग, यांतलं एक जरी दिसलं तरी क्षणभर थांबू नका. मुलग्यांमध्ये लिंग ताठरणं हेही विष अंगात भिनल्याचं लक्षण आहे. लाजून ते लपवू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि लक्षण काही नसलं तरी लहान मुलाला डॉक्टरांना दाखवाच, कारण बिघाड पुढच्या काही तासांतही होऊ शकतो.

निघताना चावल्याची वेळ लक्षात ठेवा. मुलाला चालवू नका, उचलून न्या. हातातली कडी-वाळे, दोरे काढा. दंशाच्या जागी थंड पाण्याची पट्टी चालेल. दोरी आवळून बांधू नका, ब्लेडने चिरू नका, पाला किंवा जळती वस्तू लावू नका. विंचू शोधत वेळ दवडू नका, रंग दिसला असेल तेवढा सांगा. प्राझोसिन घरात आणून स्वतः देऊ नका. त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो, मात्रा वजनावर ठरते आणि रुग्णाला झोपवून ठेवावं लागतं. ते डॉक्टरांचंच काम. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून महाराष्ट्रभर आहे. ती यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा आणि वाटेतून रुग्णालयाला कळवा.

कुणी अडवून मांत्रिकाकडे न्यायला लावत असेल, तर त्याला नम्रपणे पण ठामपणे सांगा की हा गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं शिक्षेस पात्र आहे. अशा वेळी वाद घालत बसू नका. सांगा आणि चालू लागा. घरातल्या वडीलधाऱ्यांना देवापाशी बसायचं असेल तर जरूर बसू द्या. त्यांच्या प्रार्थनेचा मान राखा आणि तुम्ही गाडीत बसा.

कृतज्ञता नुसती मनात ठेवू नका. आम्ही ग्रामदेवतेला नारळ दिला, ओटी भरली. आणि लाकूडफाटा घरापासून लांब, दगडांवर उंच रचायला लागलो, भिंतीच्या फटी बुजवल्या. मुलाचे बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत आणि फाट्यांत उघडा हात घालायचा नाही, हा घरचा नियम झाला. अतिनील प्रकाशाच्या विजेरीत विंचू हिरवट चमकतो, म्हणून तशी विजेरी आणून रात्री निजण्याआधी अंथरुणाभोवती फिरवतो. वाडीतल्या बायकांना मी आशाताईंबरोबर ही लक्षणं सांगत असते. नवस फेडायचा तर असाही फेडावा.

शेवटी एक विनंती. उन्हाळा लागायच्या आत तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा जाऊन विचारा. प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का, विंचवाचं प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर कुठे भेटतात आणि फोन कोणता? उत्तर समाधानाचं नसेल तर ग्रामसभेत उठून बोला, लेखी मागणी द्या, औषध येईपर्यंत पाठपुरावा करा. आणि ते नंबर घराच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.